खाऱ्या पाण्याचे पिंप : मत्स्यालयाच्या धंद्यातील खरी मेहनत

मंगलदास मार्केटमधून क्रॉफर्ड मार्केटकडे निघाले की कापडाचे गठ्ठे संपतात आणि थोड्याच अंतरावर रंगीत माशांच्या काचेच्या पेट्या दिसू लागतात. आमचा धंदा कापडाचा असला तरी या गल्ल्यांतून आमचे रोजचे जाणे-येणे आहे. ज्या शोरूमना आम्ही माल देतो, त्यांपैकी काहींनी दर्शनी भागात समुद्रातील माशांची टाकी बसवली आहे. काच कापणारे, ॲल्युमिनियमचे फ्रेमवाले, पंप दुरुस्त करणारे, वायरमन असे आमचे अनेक कारागीर बंधू या कामात शिरले आहेत. त्यांच्याशी बोलताना आणि शोरूमवाल्यांच्या तक्रारी ऐकताना एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसली. टाकी बनवण्याची मजुरी एकदाच मिळते, मासा विकण्याचा नफाही एकदाच. दर आठवड्याला हाती पैसा पडतो तो पाणी बदलण्याचा. आणि नेमके हेच काम लोक सर्वांत निष्काळजीपणे करतात, कारण त्यांना ते बादलीचे काम वाटते.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. टाकीतील जिवाणू त्याचे नायट्राईट व पुढे नायट्रेट करतात. नायट्रेट साचत राहते. ते काढण्याचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे थोडे जुने पाणी काढून तेवढेच नवे खारे पाणी भरणे. साधारण दस्तूर आठवड्याला दहा टक्क्यांचा. हिशेब करायचा तर पाच वेळा दहा-दहा टक्के पाणी बदलल्याने जुन्या पाण्यातील सुमारे ४१ टक्के घाण निघते, पन्नास टक्के नव्हे. कारण दुसऱ्या वेळी आपण जे काढतो त्यात पहिल्या वेळी घातलेले थोडे नवे पाणीही असते. तरी थोडे थोडे बदलणेच बरे. एका दमात अर्धी टाकी रिकामी केली की माशांना आणि जिवाणूंना जो धक्का बसतो तो महाग पडतो.

आता हे खारे पाणी आणायचे कोठून? मुंबईत समुद्र दारात आहे, तेव्हा एक कॅन भरून आणला की झाले, असे पुष्कळांना वाटते. किनाऱ्यावरच्या पाण्यात गटारांचे सांडपाणी आहे, बोटींचे तेल आहे, आणि पावसाळ्यात नद्यानाल्यांचे गोडे पाणी मिसळून खाड्यांच्या तोंडाशी खारेपणा बराच उतरतो. म्हणून जगभर घरगुती टाक्यांसाठी तयार मीठ वापरतात. हे मीठ म्हणजे स्वयंपाकघरातले मीठ नव्हे. त्यात सोडियम क्लोराईडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट असे सारे जिन्नस समुद्राच्या प्रमाणात असतात. हे प्रमाण ठरवता येते याचे कारण जगातल्या सर्व महासागरांत ते जवळजवळ एकच आहे. चॅलेंजर या इंग्रजी जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगाची सफर करून ठिकठिकाणचे पाणी आणले. त्यातील ७७ नमुने ग्लासगोचे रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ मध्ये त्याचा अहवाल निघाला. कोठे पाणी जास्त खारे, कोठे कमी, पण मुख्य क्षारांचे आपसातले प्रमाण तेच. आपल्या रंगाऱ्यांच्या भाषेत सांगायचे तर छटा गडद-फिकी होते, रेसिपी बदलत नाही.

परंतु मीठ हा अर्धाच मामला आहे. मीठ ज्या पाण्यात मिसळायचे ते पाणी कसे आहे, यावर सारे अवलंबून असते. रंगखान्यात काम केलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. एकच रंग, एकच सूत, पण नळाच्या पाण्यात एक छटा येते आणि बोअरिंगच्या पाण्यात दुसरी. मुंबई महापालिकेचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा या तलावांचे असून ते मऊ आहे. पिण्यास ते उत्तम, पण त्यात क्लोरीन असते. शिवाय ते इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत आणि तेथून जुन्या नळांतून येते. वाटेत लोखंड, तांबे, जस्त काय काय उतरते ते त्या त्या इमारतीवर अवलंबून. नळाच्या पाण्यातील नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिका टाकीत शेवाळ माजवतात. मालकाला शेवाळ दिसते आणि तो कारागिराला बोलतो.

क्लोरीनसाठी जुना उपाय हायपोचा, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचा. ब्लीचिंग केल्यावर कापडातील उरलेला क्लोरीन मारायला आपले लोक हेच वापरत आले आहेत. हायपोने क्लोरीन जातो हे खरे, पण बाकीचे काहीच जात नाही. म्हणून समुद्री टाकीसाठी आर.ओ. आणि त्यापुढे डी.आय.चा डबा असे यंत्र लावतात. प्रथम गाळ अडवणारी गाळणी, मग कोळशाची, कारण क्लोरीन पुढे गेला तर पडदा खराब होतो. मग आर.ओ.चा पडदा, जो विरघळलेल्या क्षारांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक अडवतो. शेवटी रेझिनचा डबा, जो उरलेसुरले टिपून घेतो. बाहेर येणाऱ्या पाण्याचा टी.डी.एस. मीटरवर शून्य दिसला पाहिजे. शून्याचे दोन-तीन झाले की रेझिन बदलायची वेळ आली असे समजावे. पडद्याला साधारण चार किलोचा दाब लागतो. आपल्या जुन्या इमारतींत तेवढा दाब कोठला येणार? तेव्हा बूस्टर पंप लावावाच लागतो.

येथे एक प्रकरण सांगणे जरूर आहे, कारण त्यात आम्हांस पंच म्हणून बसावे लागले. आमच्या ओळखीचा एक तरुण एका शोरूमच्या टाकीची देखभाल करीत असे. टाकी दोनशे लिटरची. सुरुवातीला तो घरून पाण्याचे कॅन घेऊन जायचा. मग त्याच्या लक्षात आले की शोरूमच्या पँट्रीत पिण्याच्या पाण्याचे आर.ओ. यंत्र आहेच. त्याने त्यातूनच पाणी घ्यायला सुरुवात केली, आणि रोज वाफेने उणे होणारे पाणीही नोकराकरवी त्याच यंत्रातून भरवू लागला. दीड-दोन महिन्यांत टाकीतील कोळंब्या आणि गोगलगायी एकामागून एक मेल्या. मासे मात्र धडधाकट. मालक म्हणाले, तू औषध चुकीचे घातलेस, आणि तीन महिन्यांचा मेहनताना अडवला. तरुण म्हणे, मी औषध घातलेच नाही. दोघेही खरे बोलत होते. यंत्राच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिले होते की हे पाण्यात तांबे मिसळते. अशी यंत्रे हल्ली आरोग्याच्या नावाखाली सर्रास विकली जातात. माणसाला ते तांबे काही करीत नसेल, पण कोळंबी, खेकडा, गोगलगाय अशा प्राण्यांना अगदी थोडे तांबे जहर आहे. पाणी वाफ होऊन उडते, तांबे उडत नाही. रोज तीन लिटर पाणी भरले जात होते, त्यातील तांबे टाकीतच साचत गेले. तांबे तपासण्याच्या किटने पाहिले तर टाकीतील पाण्याला रंग चढला. मेहनताना देववला आणि प्राण्यांची किंमत निम्मी निम्मी वाटून घ्यायला लावली. पण तरुणाजवळ पाण्याची एकही नोंद नव्हती. ती असती तर गोष्ट पंचापर्यंत आलीच नसती, असे आमचे मत आहे.

तांबे नसलेली घरगुती यंत्रेही या कामाला सरळ चालत नाहीत. पाण्याला चव यावी म्हणून त्यांत थोडे कच्चे पाणी परत मिसळण्याची किंवा खनिजे घालण्याची सोय केलेली असते. ती बंद केल्याशिवाय शून्य टी.डी.एस. येणार नाही.

आर.ओ.चे दुसरे दुखणे म्हणजे वाया जाणारे पाणी. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर मोरीत जाते. दोनशे लिटरच्या टाकीला आठवड्याला बदलायला वीस लिटर आणि वाफेची भरपाई म्हणून रोजचे तीनप्रमाणे एकवीस, असे एकेचाळीस लिटर लागतात. म्हणजे आठवड्याला कमीत कमी सव्वाशे लिटर पाणी मोरीत. ते फेकू नये. फरशी पुसायला, संडासात, गाड्या धुवायला ते उत्तम चालते. २०२३ च्या जुलैत आणि पुन्हा २०२४ च्या जूनमध्ये तलाव आटल्यामुळे महापालिकेने दहा टक्के पाणीकपात केली होती. ज्या चाळीत पिण्याच्या पाण्यासाठी रांग लागते तेथे माशांसाठी पाणी वाहत ठेवणारा माणूस शेजाऱ्यांच्या नजरेतून उतरतो, आणि ते योग्यच आहे. म्हणून वाया जाणाऱ्या पाण्यासाठी एक वेगळे पिंप आधी ठेवावे, मगच यंत्र चालू करावे.

साठवणीची पिंपे खाण्याच्या दर्जाच्या प्लॅस्टिकची घ्यावीत. बाजारात स्वस्त मिळणारी जुनी निळी पिंपे बहुतेक रसायनांची असतात. त्यांत पूर्वी काय भरले होते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. पाच वेळा धुतले तरी प्लॅस्टिकमध्ये मुरलेले रसायन महिनाभर बाहेर येत राहते. झाकण घट्ट हवे, नाहीतर धूळ, झुरळे आणि डासांची पैदास. गोड्या शुद्ध पाण्याचे पिंप वेगळे आणि खाऱ्याचे वेगळे. नळ, कॉक, जोड हे सारे प्लॅस्टिकचे असावेत. पितळी कॉक मजबूत खरा, पण पितळेतही तांबेच आहे. जस्ताचा मुलामा दिलेली बादली तर या कामाच्या जवळपासही आणू नये. सोल्युशन लावून जोडलेला पाईप पूर्ण सुकल्यावर पाणी भरून एकदा फेकून द्यावे.

पिंप कोठे ठेवायचे हा प्रश्न मुंबईत लहान नाही. दोनशे लिटर खाऱ्या पाण्याचे वजन दोनशे पाच किलो भरते. जुन्या इमारतींत लाकडी तुळया आहेत, दुकानांत पोटमाळे आहेत. दोन पिंपे पोटमाळ्यावर चढवली म्हणजे चारशे किलोहून जास्त वजन एका कोपऱ्यात उभे केले. कापडाचे गठ्ठेही जड असतात, पण ते ओल धरून तुळई कुजवत नाहीत. पिंपे जमिनीवरच ठेवावीत.

मिसळण्याची पद्धत सोपी आहे, पण तिचा क्रम उलटवता कामा नये. आधी पिंपात सारे शुद्ध पाणी भरावे, त्यात लहान पंप सोडून पाणी फिरते करावे आणि मग मीठ थोडे थोडे टाकावे. काही लोक आधी मीठ ओततात आणि वरून पाणी सोडतात. तसे केल्याने थोड्या पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट दाटीने एकत्र येतात, त्यांचा खडू बनतो आणि तो तळाशी बसतो. एकदा बसलेला खडू मग कितीही ढवळले तरी विरघळत नाही. सोडा ॲश कठीण पाण्यात टाकल्यावर पाणी कसे दुधाळ होते ते रंगाऱ्यांनी पाहिलेले असते. हे तेच आहे. रिॲक्टिव्ह रंगाईतही कुंडात मीठ आपण हप्त्याहप्त्यानेच घालतो.

प्रमाण लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षाराचे. परंतु पिशवीतील मिठात ओलावा असतो, म्हणून प्रत्यक्षात ३६ ते ३८ ग्रॅम लागते. सूत तोलताना ओलाव्याची साडेआठ टक्के सूट धरतात, ती ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच पटेल. शंभर लिटरला पावणेचार किलोच्या आत-बाहेर. वाहतुकीत हलल्यामुळे पिशवीतील बारीक आणि जाड कण वेगळे होतात. तेव्हा सील फोडल्यावर सारी पिशवी आडवी करून लोळवावी, मगच तोलून घ्यावे. वाटीने मापू नये. मुंबईच्या पावसाळ्यात उघडी पिशवी आठवड्यात दगड होते. अशा मिठाचे वजन खोटे ठरते आणि त्यातील बायकार्बोनेटही भरवशाचे राहत नाही. म्हणून घट्ट झाकणाचा डबा, आणि गिऱ्हाइके थोडी असतील तर लहान पिशवी. दोनशे लिटरच्या एका टाकीला महिन्याला सव्वातीन किलो मीठ लागते, म्हणजे वीस किलोची गोणी सहा महिने पुरेल. सहा महिने ती नीट राहील का, याचा विचार खरेदीपूर्वी करावा. पाच टाक्या असल्या तर तीच गोणी सव्वा महिन्यात संपते आणि मीठ नेहमी ताजे राहते. या धंद्यात एक गिऱ्हाईक तोट्याचे आणि पाच फायद्याचे, ते यासाठी.

मिसळलेले पाणी पंप चालू ठेवून एक रात्र फिरू द्यावे. काही कंपन्यांचे मीठ दोन तासांत तयार होते आणि जास्त फिरवल्यास उलट खडू धरते. गोणीवर जे लिहिले असेल ते मानावे. पाणी स्वच्छ, काचेसारखे झाले की खारेपणा मोजायचा. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, म्हणजे हजारात ३५ भाग. काटा हलणारा प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर स्वस्त असतो, पण काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला की तो खोटे बोलतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या प्रिन्सेस स्ट्रीटसारख्या ठिकाणी चौकशी करावी. मात्र तो केवळ शुद्ध पाण्यावर शून्य करून भागत नाही, ३५ च्या द्रावणावर जुळवून घ्यावा लागतो. तसे द्रावण घरी करता येते. ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराईड विरघळवले की रिफ्रॅक्टोमीटरवर ते ३५ भागांच्या समुद्री पाण्यासारखे दिसते. शेजारच्या सोनाराकडे काटा असतो, तेवढे तोलून देण्यास तो नाही म्हणणार नाही.

तपमानाचा बाऊ फार करतात. आपल्याकडे पाणी तापवण्याचा प्रश्न क्वचितच येतो, थंड ठेवण्याचाच येतो. टाकी चिलरवर २६ अंशांना असेल आणि पिंपातील पाणी ३२ अंशांचे, तर दहा टक्के बदलल्याने टाकी २६.६ होते. एवढे चालते. तीस टक्के बदलले तर २७.८ होते, आणि तेही काही मिनिटांत. तेथे जीव दगावतो. मे महिन्यात गच्चीवर ठेवलेले पिंप मात्र याहूनही तापते, ते सावलीत आणावे.

सगळ्यांत जास्त घोटाळा वाफेच्या भरपाईत होतो. टाकीतून वाफ होऊन जाते ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहते. दोनशे लिटरच्या टाकीतून चार लिटर उडाले की खारेपणा ३५ चा ३५.७ होतो. म्हणून रोजची भरपाई शुद्ध गोड्या पाण्याने करायची, खाऱ्याने नव्हे. शोरूमचा नोकर बिचारा दोन सारखे कॅन पाहतो आणि हाताला लागेल तो ओततो. आठवडाभर खारे पाणी ओतले गेले तर आकडा चाळिशीकडे जातो. यासाठी कॅनचा रंगच वेगळा ठेवावा. निळे झाकण गोड्याचे, लाल खाऱ्याचे, आणि वर मोठ्या अक्षरांत मराठी, उर्दू, हिंदी ज्या भाषा नोकराला येतात त्या सर्वांत लिहावे.

खारे पाणी आणि वीज यांची गाठ पडू देऊ नये. पिंपातील पंपाची वायर प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोल देऊन न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न शिरता खाली टपकेल. गळती ओळखून ३० मिलिॲम्पियरला बंद होणारा ब्रेकर बसवल्याशिवाय काम घेऊच नये. गिऱ्हाईक खर्चाला कांकू करील, तर त्याला दुसरा कारागीर शोधू द्यावा.

टाकी सांभाळणाऱ्याकडे गिऱ्हाईक कधी समुद्रघोडा मागते, कधी आपल्या समुद्रातील प्रवाळाचा तुकडा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात हे २००१ पासून आहेत. त्यांचा व्यापार हा गुन्हा आहे. साफ नकार द्यावा.

पाणी घरी मिसळून पोचवायचे असेल तर वीस लिटरचा कॅन सोयीचा. भरलेला साडेवीस किलोचा होतो, दोन हातांत दोन उचलून माणूस जिना चढू शकतो. प्रत्येक खेपेला वहीत तारीख, टी.डी.एस., खारेपणा, तपमान आणि किती लिटर बदलले ते लिहून खाली दुकानातील कोणाची तरी सही घ्यावी. वही दोन प्रतींत ठेवावी, कार्बन लावून. कॅनची अनामत पहिल्या दिवशीच घ्यावी. मजुरी ठरवताना मीठ, रेझिन आणि पडद्याची झीज वेगळी मांडून दाखवावी, कारण आयात मीठ डॉलरबरोबर वर जाते आणि तेव्हा दर वाढवायला तोंड उरते.